फुकट आणि मुक्त

चैत्र-वैशाखाच्या दिवसांत चेन्नई शहर असे तापते की भर दुपारी रस्त्यावर पाऊल टाकणे नकोसे होते. अशा वेळी नाक्यानाक्यावर मांडव उभे राहतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला गार पाणी, क्वचित ताक, क्वचित कलिंगडाची फोड देण्यात येते. तमिळ भाषेत या मांडवाला ‘तण्णीर पंदल’ म्हणतात. मराठीत आपण त्याला पाणपोई म्हणतो. तहानलेल्याने पाणी प्यावे, मांडव घालणाऱ्याला दुवा द्यावा आणि आपल्या वाटेने जावे. पाण्याची किंमत कोणी विचारीत नाही. मात्र पुष्कळदा मांडवाच्या दर्शनी भागी एखाद्या पुढाऱ्याचे भले मोठे चित्र असते, आणि पाण्याच्या प्रत्येक घोटाबरोबर तिकडे नजर जावी अशी त्याची योजना असते. उन्हाळा सरला आणि मांडव मोडला, की त्या पाण्यावर कोणाचाही हक्क राहत नाही.

सार्वजनिक पाणवठ्याची गोष्ट निराळी. तेथील पाणीही विनामूल्यच. परंतु ते भरणारा याचक नसतो, तो हक्कदार असतो. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जो सत्याग्रह झाला, तो ओंजळभर पाण्यासाठी नव्हता, पाण्यावरील समान हक्कासाठी होता. वस्तू मिळणे आणि वस्तूवर हक्क असणे यांत किती अंतर आहे, हे त्या घटनेचा वारसा असलेल्या महाराष्ट्राला निराळे समजावून सांगावयास नको.

हाच भेद आज संगणकाच्या आणि इंटरनेटच्या जगात पदोपदी करावा लागतो. मराठीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत, ही मोठीच सोय होय. इंग्रजीत दोन्ही अर्थांना ‘फ्री’ हा एकच शब्द चालतो, आणि त्यामुळे ‘फ्री सॉफ्टवेअर’ म्हटले की ऐकणाऱ्याला ते पैसे न मोजता पदरात पडणारी वस्तू वाटते. ‘फुकट ते पौष्टिक’ ही वृत्ती काही केवळ आपल्याकडचीच नव्हे. तथापि ज्यांनी हा शब्दप्रयोग रूढ केला, त्यांना मोफतपणा नव्हे, तर मोकळीक अभिप्रेत होती. चेन्नई शहराच्या गेल्या पंचवीस-तीस वर्षांच्या अनुभवातून हा भेद चांगला उलगडतो. म्हणून त्या शहराच्या वाटेनेच या विषयात शिरणे सोयीचे होईल.

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाने काय करावे आणि कोणत्या क्रमाने करावे, हे सांगणाऱ्या आज्ञांची मालिका. तिची तुलना पाककृतीशी करता येईल. ताटात वाढलेला पदार्थ चाखून त्याची कृती नेमकी सांगता येत नाही. तसेच तयार सॉफ्टवेअर वापरून त्याच्या पोटातील आज्ञा कळत नाहीत. या आज्ञा माणसाला वाचता येतील अशा रूपात लिहिलेल्या असतात, तेव्हा त्यांना मूळ संहिता म्हणतात. ही संहिता हाती असली, तर जाणकाराला तीत दुरुस्ती करता येते, भर घालता येते, आपल्या गरजेप्रमाणे ती बदलता येते. दक्षिणेत घरोघरी शिजणाऱ्या सांबाराविषयी एक आख्यायिका सांगतात. तंजावरच्या मराठी राजवाड्यात आमटी करावयाची होती, पण आमसूल संपले होते. तेव्हा स्थानिक चालीप्रमाणे चिंच घातली गेली आणि नवा पदार्थ जन्मास आला. इतिहासाच्या कसोटीला ही कथा उतरो वा न उतरो, तिच्यातील मर्म खरे आहे. कृती मोकळी होती म्हणून ती बदलता आली, आणि बदलली म्हणूनच ती दुसऱ्या मुलखात रुजली.

१९८० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक नवे छपाईयंत्र आले. त्यात कागद वारंवार अडके. तेथे काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सुधारणा केली होती की, कागद अडकला म्हणजे संबंधितांना संगणकावरच सूचना जाई. नव्या यंत्रातही तीच सोय करावी, तर त्याची मूळ संहिता मिळेना. अडचण लहानशीच होती. पण आपण वापरीत असलेल्या वस्तूच्या दुरुस्तीचा अधिकारच आपल्याकडून काढून घेतला जात आहे, ही जाणीव त्यातून झाली. १९८३ च्या सप्टेंबरात स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या नावाने एक संपूर्ण मुक्त प्रणाली उभारण्याचा संकल्प जाहीर केला आणि १९८५ साली त्यासाठी संस्था स्थापन केली.

या चळवळीने सॉफ्टवेअर वापरणाऱ्याचे चार अधिकार मानले आहेत. पहिला, ते कोणत्याही कामासाठी चालविण्याचा. दुसरा, त्याची संहिता वाचून तीत बदल करण्याचा. तिसरा, त्याच्या प्रती इतरांना देण्याचा. आणि चौथा, सुधारलेली आवृत्तीही वाटण्याचा. १९८९ साली या अधिकारांना एका परवान्याचे कायदेशीर रूप मिळाले. त्याची मुख्य अट मार्मिक आहे: ज्याला हे अधिकार मिळाले, त्याने ते सॉफ्टवेअर पुढे देताना तेच अधिकार पुढच्यालाही दिले पाहिजेत. वाटेत कोणी बांध घालून पाणी अडवू नये, अशी ही तजवीज होय. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ नावाचा प्रणालीचा गाभा लिहिला आणि लवकरच तो याच परवान्याखाली जगाच्या स्वाधीन केला. आज बहुतेक भारतीयांच्या हातातील अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतात, आणि जगातील सर्वांत वेगवान अशा पाचशे महासंगणकांच्या यादीतील झाडून सारे संगणकही.

चेन्नईत या विचाराचे बीज १९९८ च्या आरंभी पडले. त्या वर्षी तेथे लिनक्स वापरणाऱ्यांचे एक मंडळ स्थापन झाले. महिन्याच्या एका शनिवारी भरणाऱ्या त्याच्या बैठका पुढे कित्येक वर्षे आय.आय.टी. मद्रासच्या एका वर्गखोलीत होत असत. विद्यार्थी, अभियंते आणि केवळ कुतूहल असलेले नागरिक तेथे जमत. एकाने नवे काही शोधले असेल तर ते तो इतरांना दाखवी. इंटरनेटचा वेग तेव्हा इतका मंद होता की, प्रणाली उतरवून घेण्यापेक्षा तिची तबकडी एकाने दुसऱ्याला देणे हाच प्रसाराचा सुलभ मार्ग असे. विशेष म्हणजे ही प्रत काढून देणे चोरी नव्हती. परवान्याने दिलेला तो अधिकारच होता. त्याच जानेवारीत, पोंगलच्या मुहूर्तावर, जगभर विखुरलेल्या तमिळ भाषकांनी ‘प्रोजेक्ट मदुराई’ हा उपक्रम सुरू केला. संगम साहित्यापासूनचे ग्रंथ स्वयंसेवकांनी अक्षर अक्षर टंकलिखित करून इंटरनेटवर विनामूल्य ठेवावयास प्रारंभ केला. एकीकडे यंत्र मुक्त करण्याचे प्रयत्न आणि दुसरीकडे ग्रंथ मुक्त करण्याचे, असे हे दोन उद्योग एकाच महिन्यात जन्मले हा योगायोग खरा. पण दोहोंची प्रेरणा एकच होती.

पुढे शासनानेही या कामी लक्ष घातले. सी-डॅक या केंद्र शासनाच्या संस्थेच्या चेन्नई केंद्राने ‘बॉस’ नावाची प्रणाली सिद्ध केली आणि २००७ साली ती लोकांपुढे आली. डेबियन या जगन्मान्य मुक्त प्रणालीवर ती आधारलेली असून मराठी आणि तमिळ यांसह अनेक भारतीय भाषांत काम करण्याची सोय तीत आहे. २०११ साली तमिळनाडू शासनाने विद्यार्थ्यांना लॅपटॉप देण्याची योजना आरंभिली. त्या लॅपटॉपमध्ये विंडोजच्या जोडीला बॉस ही प्रणालीही घातलेली असे. फुकट आणि मुक्त यांतील भेद समजावून देण्यास याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. विद्यार्थ्याच्या हाती आलेले यंत्र फुकट होते. त्यातील एक प्रणाली मुक्त होती. यंत्र चार-सहा वर्षांत झिजून निकामी होते. त्या प्रणालीची संहिता वाचण्याचा, ती शिकण्याचा आणि धाकट्या भावंडाला तिची प्रत देण्याचा अधिकार मात्र झिजत नाही. अर्थात शासनाने वस्तू दिली म्हणजे जनतेने ती आपलीशी केलीच, असे होत नाही. पूर्वीची सवय आणि नव्याची भीती या दोन्ही गोष्टी फुकटच मिळतात आणि सहजासहजी सुटत नाहीत.

या साऱ्या विवेचनावरून मुक्त सॉफ्टवेअर ही केवळ गंभीर मंडळींची बाब आहे असा कोणाचा समज होईल, तर तो बरोबर नव्हे. करमणुकीचे दालनही तितकेच भरलेले आहे. आणि चेन्नईच्या बाबतीत बोलावयाचे तर ते बुद्धिबळापासूनच पाहिले पाहिजे. १९७२ साली मद्रासच्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात मिखाईल ताल यांच्या नावाने एक बुद्धिबळ मंडळ निघाले. लहानपणी विश्वनाथन आनंद तेथे खेळावयास जात. जिंकणाऱ्याने पटावर बसून राहावे आणि हरणाऱ्याने उठून पुन्हा रांगेत उभे राहावे, अशी तेथील रीत होती. चांगला पट, घड्याळ, तुल्यबळ प्रतिस्पर्धी आणि सोव्हिएत पुस्तके यांचा लाभ मिळावा, तर मुलाने त्या शहरात आणि त्या इमारतीच्या आसपास राहणे आवश्यक होते. १९८८ साली आनंद भारताचे पहिले ग्रँडमास्टर झाले. जळगावातील किंवा गडहिंग्लजमधील तितक्याच गुणी मुलाला ती वाट तेव्हा किती दुर्गम होती, याची कल्पना करता येईल.

आज ती स्थिती राहिलेली नाही. ‘लिचेस’ नावाचे एक संकेतस्थळ २०१० साली एका फ्रेंच प्रोग्रॅमरने सुरू केले. तेथे कोणीही, कोणत्याही वेळी, जगातील कोणाशीही बुद्धिबळ खेळू शकतो. वर्गणी नाही आणि जाहिरातही नाही. सारा खर्च देणग्यांवर चालतो आणि संकेतस्थळाची मूळ संहिता सर्वांना खुली आहे. डाव संपला की त्यातील चुका दाखवून देण्याचे काम ‘स्टॉकफिश’ हे सॉफ्टवेअर करते. २००८ पासून वाढत आलेले हे मुक्त सॉफ्टवेअर आज जगज्जेत्यालाही भारी आहे. त्याची प्रत्येक सुधारणा तपासून पाहण्यासाठी असंख्य डाव खेळवावे लागतात, आणि त्यासाठी जगभरचे स्वयंसेवक आपापल्या संगणकांचा रिकामा वेळ उसना देतात. जी विश्लेषणाची शक्ती एके काळी मोजक्या ग्रँडमास्टरांनाच उपलब्ध होती, ती आता साध्या फोनवरही मिळते.

येथेच एक कटू प्रसंगही सांगितला पाहिजे, कारण मुक्त वस्तू बेवारस असते असा समज फार पसरला आहे. जर्मनीतील चेसबेस या नामांकित कंपनीने स्टॉकफिशवर आधारलेले सॉफ्टवेअर विक्रीस काढले. परंतु परवान्याने ग्राहकांना जी माहिती आणि जे अधिकार द्यावयास हवेत, ते दिले नाहीत, अशी स्टॉकफिशकर्त्यांची तक्रार होती. विक्री करण्यास त्यांचा आक्षेप नव्हता. मुक्त सॉफ्टवेअर विकताही येते. आक्षेप होता तो अधिकार झाकून ठेवण्याला. २०२१ साली त्यांनी म्युनिकच्या न्यायालयात दावा लावला. २०२२ च्या नोव्हेंबरात तडजोड झाली. कंपनीने वर्षभर स्टॉकफिश असलेली आपली उत्पादने न विकण्याचे आणि यापुढे अशा परवान्यांच्या पालनावर देखरेख करणारा अधिकारी नेमण्याचे मान्य केले. विनावेतन काम करणाऱ्या मूठभर माणसांनी केवळ एका परवान्याच्या बळावर एवढे साधले.

साधन कितीही समर्थ असले, तरी साधना ज्याची त्यालाच करावी लागते. चेन्नईचा डी. गुकेश २०२४ च्या डिसेंबरात, वयाच्या अठराव्या वर्षी, जगज्जेता झाला. त्याच्या प्रशिक्षकांनी बालवयात त्याला संगणकाच्या विश्लेषणापासून बराच काळ दूर ठेवले होते, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. आधी स्वतः विचार करावा आणि मग यंत्राला विचारावे, हा धडा बुद्धिबळाबाहेरही उपयोगी पडण्यासारखा आहे.

इतर करमणुकीचा विस्तार मोठा असला तरी त्याची ओळख थोडक्यात होईल. चित्रपट आणि गाणी चालविणारे ‘व्हीएलसी’ हे सॉफ्टवेअर १९९६ साली पॅरिसमधील विद्यार्थ्यांच्या एका प्रकल्पातून निघाले. इतरांनी नाकारलेली ध्वनिचित्रफीत ते बहुधा निमूटपणे चालविते. ‘ऑडॅसिटी’ने घरच्या घरी ध्वनिमुद्रण करता येते; आजीच्या जात्यावरच्या ओव्या जतन करू इच्छिणाऱ्या नातवाला याहून अधिक काही लागत नाही. ‘स्टेलेरियम’ उघडून आपल्या गावाचे नाव दिले, की त्या गावावरचे रात्रीचे आकाश पडद्यावर अवतरते. मरीना किनाऱ्यावरून अगस्त्य किती उंच दिसतो आणि नाशिकहून किती, हे ताडून पाहण्यात एखादी संध्याकाळ सहज निघून जाते. लहान मुलांसाठी ‘टक्स पेंट’ हा चित्रकलेचा खेळ आहे. पत्रे, हिशेब आणि अहवाल यांसाठी ‘लिब्रेऑफिस’ आहे, आणि त्यातील आज्ञा मराठीतही वाचता येतात.

ज्ञानाच्या क्षेत्रात चेन्नईचे नाव विशेष आदराने घ्यावे लागते. आय.आय.टी. संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली आरंभिलेल्या ‘एनपीटीईएल’ या उपक्रमात आय.आय.टी. मद्रासचा वाटा प्रमुख आहे. अभियांत्रिकीपासून तत्त्वज्ञानापर्यंतच्या विषयांवरील हजारो तासांची व्याख्याने तेथे विनामूल्य ऐकता येतात. शुल्क पडते ते प्रमाणपत्राची परीक्षा देणाऱ्याला. मुंबईच्या आय.आय.टी.ने ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाची छोट्या छोट्या पाठांची मालिका तयार केली आहे. मुक्त सॉफ्टवेअर कसे वापरावे हे तीत दाखविले जाते, आणि त्यांतील पुष्कळ पाठ मराठीत आणि तमिळमध्येही आहेत. ज्याला शिकविणारे जवळपास कोणी नाही, त्याने आरंभ येथून करावा. मद्रास विद्यापीठाने १९२४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध केलेला विशाल तमिळ कोश आणि मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी कोश हे दोन्ही ग्रंथ शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शेजारी शेजारी नांदत आहेत. शब्द लिहावा आणि अर्थ पाहावा. आय.आय.टी. मद्रासमधील ‘एआय फॉर भारत’ या गटाने भाषांतराची यंत्रणा सिद्ध केली आहे. घटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीसही भाषा तीत येतात, आणि २०२३ साली ती संहितेसह सर्वांना खुली करण्यात आली. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने एक देवनागरी अक्षरमाला घडवून ती खुल्या परवान्याने दिली. तिचे नावच ‘मुक्त’ असे आहे. तिच्या तमिळ भगिनीचे नाव ‘मुक्त मलर’. मलर म्हणजे फूल.

येथवर सोय आणि करमणूक यांचा विचार झाला. परंतु हक्काने वापरता येणारी वस्तू हाताशी असण्याचे खरे मोल संकटकाळी कळते. २०१५ च्या डिसेंबराच्या पहिल्या तारखेस चेन्नईवर आभाळ कोसळले. तांबरम येथे चोवीस तासांत एकोणपन्नास सेंटिमीटर पाऊस झाला. चेंबरंबाक्कम जलाशयातून पाणी सोडावे लागले आणि अड्यार नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली. विमानतळ बंद झाला. १८७८ पासून निघणाऱ्या ‘द हिंदू’ या वृत्तपत्राचा २ डिसेंबरचा छापील अंक निघू शकला नाही, कारण कामगारांना छापखान्यापर्यंत पोहोचताच आले नाही. शहरातील प्रत्येकाच्या मुखी एकच प्रश्न होता: कोणता रस्ता पाण्याखाली आहे आणि कोणता मोकळा?

‘ओपनस्ट्रीटमॅप’ नावाचा एक मुक्त नकाशा २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला होता. विश्वकोशातील नोंद जशी कोणीही लिहावी, तसा या नकाशातील आपल्या ओळखीचा रस्ता कोणीही रेखाटावा, ही त्यामागील कल्पना. चेन्नईतील हौशी मंडळींनी आधीच्या वर्षांत आपापल्या भागातील गल्लीबोळ त्यावर चिकाटीने काढून ठेवले होते. तेव्हा ते काम पाहून कित्येकांना हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटला असल्यास नवल नाही. पुराच्या त्या दिवसांत अरुण गणेश आणि मॅपबॉक्स या कंपनीतील त्यांचे सहकारी यांनी त्याच नकाशाच्या आधारे एक साधी सोय तयार केली. आपल्यासमोरचा रस्ता पाण्याखाली असेल, तर नागरिकाने नकाशावर त्या रस्त्याला बोट लावावे. तो लगेच ठळक रंगात दिसू लागे आणि दूरवरच्या माणसालाही कळे की तिकडे जाऊ नये. अल्पावधीतच अडीच हजारांहून अधिक रस्त्यांची नोंद झाली.

नकाशा मुक्त नसता, तर प्रथम कोणाची तरी परवानगी मागावी लागली असती, तिचे उत्तर येईपर्यंत वाट पाहावी लागली असती, आणि तोवर पाणी छातीपर्यंत चढले असते. येथे परवानगी आधीच दिलेली होती. ही गोष्ट सांगताना तिचे अवास्तव कौतुक मात्र करू नये. अनेक भागांत वीज नव्हती आणि फोनही मुके झाले होते. तेथे लोकांना वाचविले ते आपल्या होड्या शहराच्या रस्त्यांत घालणाऱ्या कोळी बांधवांनी आणि पाण्यात उतरलेल्या जवानांनी. नकाशा कोणाला खांद्यावर घेत नाही. मदतीला निघालेल्याचा वेळ तेवढा वाचवितो. पण पुरात वेळ हीच सर्वांत महाग वस्तू असते.

या अनुभवांवरून सामान्य माणसाला आपल्यापुरती एक कसोटी बांधता येईल. इंटरनेटवर विनामूल्य म्हणून जे समोर येते, ते सारेच पाणवठ्याचे पाणी नसते. त्यातील बरेचसे पाणपोईचे असते, आणि काही तर मृगजळही. म्हणून नवी सेवा स्वीकारण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. ती कोण चालवितो? तिचा खर्च कोठून भागतो? आपण तीत ठेवलेली पत्रे, छायाचित्रे, हिशेब हवे तेव्हा काढून घेता येतात काय? आणि चालविणाऱ्याने उद्या दुकान बंद केले, तर दुसऱ्या कोणाला ते चालू ठेवता येईल काय? खर्च जाहिरातींतून भागत असेल, तर आपले लक्ष आणि आपल्या आवडीनिवडींची माहिती हीच बहुधा आपण मोजलेली किंमत असते. ती द्यावयास हरकत नाही. पण देत आहोत हे ठाऊक असावे. ‘ऑर्कुट’ ही सेवा भारतात एके काळी अतिशय लोकप्रिय होती आणि तीत मराठी मंडळींच्या गप्पांचे फड रात्ररात्र रंगत. २०१४ च्या सप्टेंबरअखेर चालकांनी ती बंद केली आणि त्या बैठकी उठल्या त्या कायमच्या.

सॉफ्टवेअर उतरवून घेताना ते त्याच्या कर्त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. मुक्त सॉफ्टवेअरच्या नावाने बनावट माल खपविणारे भामटे कमी नाहीत. एकदम सारी प्रणाली बदलण्याच्या भरीस न पडता प्रथम व्हीएलसी किंवा लिब्रेऑफिस यांसारखे एखादेच साधन नित्याच्या कामात वापरून पाहावे. हात बसला की पुढची पायरी आपोआप दिसते.

शेवटची गोष्ट देण्याची आहे. मराठी विकिपीडिया २००३ च्या १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी, सुरू झाला; तमिळ विकिपीडिया त्याच वर्षी सप्टेंबरात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतात मराठी भाषक आठ कोटी तीस लाख, तर तमिळ भाषक सहा कोटी नव्वद लाख होते. आरंभही आधी आणि देशातील संख्याही अधिक. असे असून आज लेखांच्या संख्येत तमिळ विकिपीडिया मराठीच्या बराच पुढे आहे. श्रीलंका, सिंगापूर आणि मलेशिया येथील तमिळ बांधवांचा हातभार त्यास लागला, हे खरे. परंतु परदेशी गेलेली मराठी माणसेही काही थोडी नाहीत. तमिळ भाषकांनी संहिता, ग्रंथ, नकाशे आणि विश्वकोश या साऱ्यांना आपल्या घरचे कार्य मानले. कोणा कंपनीला आपली भाषा फायद्याची वाटेल तेव्हा वाटो, तोवर हातावर हात ठेवून बसावयाचे नाही, हा निर्धार त्यामागे होता.

मराठी माणसाला यासाठी संगणकशास्त्राची पदवी घ्यावी लागत नाही. निवृत्त शिक्षकाने आपल्या तालुक्यातील एखाद्या किल्ल्याची विश्वासार्ह नोंद लिहावी. गृहिणीने सॉफ्टवेअरच्या मराठी भाषांतरातील अवघडलेला शब्द सुधारून द्यावा. महाविद्यालयीन विद्यार्थ्याने आपल्या वाडीचा रस्ता मुक्त नकाशावर काढावा. कोयना, कृष्णा किंवा पंचगंगा यांचे पाणी चढेल त्या दिवशी तो रस्ता नकाशावर असणे कोणाच्या तरी उपयोगी पडेल. पाणवठा सर्वांचा असतो तसा त्यातील गाळही सर्वांचाच असतो. पाणी भरावयास हक्काने यावे, आणि गाळ उपसण्याच्या दिवशीही तितक्याच हक्काने यावे.